काट्यामागची दुसरी नळी

दौंड, पाटस, कुरकुंभ या पट्ट्यात विमानाचा आवाज आता कुणाला नवा नाही. बारामतीच्या विमानतळावरून शिकाऊ वैमानिकांची दोन-चार आसनी विमानं उडतात, हवा स्वच्छ असली की भीमेच्या बाजूला येतात, वळतात आणि परत जातात. उसाला दारं धरणारा माणूस क्षणभर मान वर करतो आणि पुन्हा पाण्याकडे वळतो. मी शिरूरला राहते आणि विमानांच्या इंजिनांची देखभाल हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे लग्नात, एसटीत, बाजारात, कुठेही भेटलेलं माणूस मला एकच विचारतं, ‘‘ताई, वर गेल्यावर इंजिन बंद पडलं तर?’’ २५ जुलै २०२२ ला बारामतीहून उडालेलं एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. विमान चालवणारी तरुणी थोडक्यात बचावली. तेव्हापासून तर हा प्रश्न फारच वाढला.

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही. पण पिस्टन इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, ठिणगी आणि इंधन. त्यातल्या इंधनावर वैमानिकाला नजर ठेवता यावी म्हणून समोरच्या पॅनेलवर एक छोटा गेज असतो, इंधनाच्या दाबाचा. आकाराने तो चहाच्या बशीहून लहान, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जाणारा. टर्बो लावलेल्या इंजिनावर तर तो बसवणाराही चुकू शकतो. म्हणून तो कसा चालतो आणि कसा बसवतात, हे नीट सांगायचं ठरवलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. दौंडवरून जाणाऱ्या सेसना १५२ मध्ये हा गेज नसतोच. त्याला तो लागत नाही. सेसनाचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर असतात, पेट्रोलच्या टाक्या त्या पंखांत, आणि इंजिन खाली. पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. पेट्रोलच्या साधारण तीन फूट उंचीला एक पौंड दाब मिळतो. पौंड म्हणजे चौरस इंचाला एक पौंड, टायरमध्ये हवा भरताना आपण म्हणतो तोच. कार्ब्युरेटरला तेवढं पुरतं. मध्ये पंप नाही, म्हणून पंप बिघडण्याची भीती नाही, म्हणून गेज नाही. शिकाऊ मुलांसाठी हे विमान जगभर वापरलं गेलं, त्यामागे असा साधेपणा आहे.

पाइपर कंपनीच्या बहुतेक विमानांचे पंख खाली असतात. टाकी इंजिनाच्या खाली राहते, म्हणजे पेट्रोल वर चढवायला पंप आला. एक पंप इंजिन स्वतः फिरवतं, दुसरा विजेवर चालतो, पहिला गेला तर हाताशी असावा म्हणून. पंप आला की तो काम करतोय की नाही हे सांगणारं काहीतरी पाहिजे, म्हणून गेज आला. लायकमिंगच्या नेहमीच्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनाला अर्ध्या पौंडापासून आठ पौंडांपर्यंतचा दाब चालतो. त्याच्या खाली काटा गेला की वैमानिकाचा हात विजेच्या पंपाच्या बटणाकडे गेला पाहिजे.

हा गेज आतून कसा असतो, हे मला फार लहानपणी कळलं. माझे वडील दौंडला रेल्वेत वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. त्या काळच्या डब्ल्यूजी जातीच्या मालगाडी-इंजिनाचा बॉयलर २१० पौंडांचा. वडिलांची नजर ड्युटीभर त्या मोठ्या पितळी कडीच्या गेजवर असायची. शेडमध्ये उघडून ठेवलेला एक गेज त्यांनी मला दाखवला होता. आत प्रश्नचिन्हासारखी वाकवलेली, चपटी पितळी नळी होती. तिचं एक टोक बंद, दुसरं बॉयलरला जोडलेलं. आत दाब आला की नळी सरळ व्हायला बघते, तिचं बंद टोक जरासं हलतं, आणि एक बारीक दांडी व दातेरी चाक ती हालचाल वाढवून काट्याला देतात. युजीन बूर्दाँ या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये याचं पेटंट घेतलं. पुढे विमानं आली तेव्हा त्यांच्या पॅनेलवरही हीच नळी गेली, फक्त लहान होऊन.

या नळीचा एक गुण वडिलांच्या कामात कधी आडवा आला नाही, पण माझ्या कामात रोज येतो. नळी किती सरळ होणार हे केवळ आतल्या दाबावर ठरत नाही. तिच्या बाहेर, गेजच्या डबीत जी हवा असते, ती नळीला उलट दाबत असते. म्हणजे काटा दाखवतो तो दोन दाबांमधला फरक. बॉयलरच्या २१० पौंडांपुढे बाहेरची हवा एखाद्या पौंडाने कमीजास्त झाली तर कोण मोजतो? पण जिथे सगळा हिशोबच पाच-दहा पौंडांचा, तिथे एखादा पौंड इकडे-तिकडे झाला तर अर्थच बदलतो.

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. सँड फिल्टरच्या अलीकडे एक गेज, पलीकडे एक गेज. नुसता अलीकडचा बघून फिल्टर स्वच्छ आहे की तुंबला हे कुणीच सांगू शकत नाही. दोन्ही बघायचे, वजाबाकी करायची, फरक वाढला की बॅकवॉश द्यायचा. शिरूर-दौंडमधला ठिबकवाला कुठलाही शेतकरी हे रोज करतो. विमानाचा गेज ही वजाबाकी डबीच्या आतच करून देतो, इतकंच.

आता टर्बोकडे येते. जसजसं वर जावं तशी हवा विरळ होते. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा उरतो, आणि साध्या इंजिनाची ताकदही त्याच मापाने घटते. उपाय असा निघाला, की एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या तापलेल्या वायूवर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र बसवायचं, आणि त्याने बाहेरची विरळ हवा दाबून इंजिनात कोंबायची. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी नावाचं विमान-इंजिन टर्बो लावून पाइक्स पीक या चौदा हजार फुटी डोंगरावर नेलं आणि तिथे चालवून दाखवलं. आज डिझेल बोलेरोतही टर्बो असतो, त्यामुळे आपल्याकडे तो शब्द घरोघरी पोचला आहे.

टर्बो आणि थ्रॉटलच्या झडपेच्या मधे जी दाबलेली हवा असते, तिला आम्ही अप्पर डेक म्हणतो. पाइपर सेनेका हे दोन इंजिनांचं विमान भारतातल्या अनेक प्रशिक्षण संस्थांनी वर्षानुवर्षं वापरलं. दुसऱ्या पिढीपासून त्यावर कॉन्टिनेंटल कंपनीची टर्बोवाली इंजेक्शन इंजिनं असतात. तिसऱ्या पिढीच्या सेनेकात टेकऑफला इंजिनातला हवेचा दाब पाऱ्याच्या ४० इंचांपर्यंत नेतात. समुद्रसपाटीची हवा ३० इंचांची, आणि बारा हजार फुटांवरची १९ इंचांची. दोन इंच म्हणजे जवळपास एक पौंड. बारा हजार फुटांवर बाहेरची हवा आणि इंजिनातली दाबलेली हवा यांच्यात अशा वेळी दहा पौंडांचा फरक पडू शकतो.

प्रत्येक सिलिंडरजवळ इंधनाचा एक नोझल असतो. त्याच्या एका बाजूला पेट्रोलचा दाब, दुसऱ्या बाजूला हवेचा. पेट्रोल किती जाणार हे या दोहोंच्या फरकावर ठरतं. म्हणून टर्बोच्या इंजिनात नोझलभोवती अप्पर डेकचीच हवा आणून सोडतात, आणि गेजच्या डबीतही तीच हवा आणतात. अशा गेजला पाठीमागे दोन नळ्या असतात. एकीत पेट्रोलचा दाब, दुसरीत अप्पर डेकचा. या दुसऱ्या नळीविषयीच मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. तिच्यात पेट्रोल नाही, ती गळली तर वास येत नाही, डाग पडत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक टर्बो विमान आलं. तक्रार अशी, की जमिनीवर सगळं ठीक, उंचीवर गेलं की पुस्तकात दिल्याप्रमाणे पेट्रोलचा प्रवाह लावला तरी टर्बाइनच्या तोंडाशी वायूचं तापमान वर जातं. सिलिंडरही तापतात. आधीच्या ठिकाणी तापमानाचा प्रोब बदलला होता, नोझल धुतले होते, मॅग्नेटोचं टायमिंग तपासलं होतं. सगळं बरोबर होतं, तक्रार जागच्या जागी होती.

पेट्रोलचा प्रवाह दाखवणारा त्या विमानातला गेज हा खरं तर दाबाचाच गेज. नोझलचं भोक ठरलेलं, त्यामुळे दाबावरून प्रवाह काढता येतो आणि डायलवर पौंडांऐवजी गॅलन छापतात. पॅनेल सोडवून मी मागे हात घातला. अप्पर डेकची रबरी नळी जागेवर होती, क्लॅम्प घट्ट होता. पण नळी बोटांत वाकवली तेव्हा क्लॅम्पच्या अगदी कडेला, एका बाजूने, केसाएवढी चीर उघडली. सरळ धरली की मिटायची. जमिनीवर कमी ताकदीत आतल्या-बाहेरच्या हवेत फरकच नाही, त्यामुळे चिरेचा परिणाम नाही. वर गेलं की दाबलेली हवा चिरेतून कॉकपिटच्या मागे निसटायची, डबीतला दाब उतरायचा, आणि काटा खऱ्यापेक्षा जास्त पेट्रोल दाखवायचा. वैमानिक बिचारा पुस्तकातल्या आकड्याशी काटा जुळवायला मिश्रण पातळ करायचा. प्रत्यक्षात इंजिन उपाशी, आणि म्हणून तापलेलं. टर्बो इंजिनात जास्तीचं पेट्रोल ज्वलनासाठी लागतं तसं थंडाव्यासाठीही लागतं. ते कमी पडलं की सिलिंडरात स्फोटासारखं ज्वलन होतं आणि पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. सगळा उपद्रव वीतभर रबराचा होता. नवी नळी घातली, दाब देऊन तपासली, तापमान जागेवर आलं.

हे फक्त एका कंपनीचं वैशिष्ट्य नाही. ऑस्ट्रियात बनणारं रोटॅक्स ९१४ हे ११५ अश्वशक्तीचं छोटं टर्बो इंजिन जगभर हलक्या विमानांत बसतं, आणि आपल्या सैन्यदलांकडच्या हेरॉन या विनावैमानिक विमानातही तेच आहे. त्याच्या पुस्तकात पेट्रोलच्या दाबाचा सरळ आकडा दिलेलाच नाही. तिथे लिहिलंय की एअरबॉक्समधल्या, म्हणजे टर्बोने दाबलेल्या, हवेच्या दाबापेक्षा पेट्रोलचा दाब किमान ०.१५ बार आणि जास्तीत जास्त ०.३५ बार वर असला पाहिजे. एअरबॉक्सचा दाब माहीत नसेल तर या इंजिनावर नुसता इंधन-गेज लावून काही कळत नाही.

माझा भाचा शिरूरला पुणे-नगर रस्त्यावर डिझेल पंप आणि नोझलचं दुकान चालवतो. हुशार हात आहे त्याचा. रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात बनलेली १.३ मल्टिजेट इंजिनं त्याच्याकडे अजून येतात. मी हे सगळं सांगत होते तेव्हा तो म्हणाला, ‘‘मावशी, आमच्याकडे रेलमध्ये हजार-दीड हजार बार असतो. तुझे वीस पौंड म्हणजे दीड बारसुद्धा नाही. त्याला एवढं काय?’’

प्रश्न रास्त होता. म्हटलं, ‘‘तुझ्या हजार बारात एखादा बार चुकला तर कॉम्प्युटर सावरून घेतो. माझ्या दीड बारात अर्धा चुकला तर एक तृतीयांश गेला. शिवाय तुझी गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते.’’

मग त्याने गेज बसवण्याबद्दल विचारलं, आणि मी त्याच्याच बाकावर दोन फिटिंगा शेजारी-शेजारी ठेवल्या. पाव इंची नळीच्या. एक त्याच्या दुकानातली, मोटारीची. दुसरी माझ्या पेटीतली, विमानाची. आटे सारखे, माप सारखं, एकाचा नट दुसऱ्यावर सहज फिरतो. ‘‘फरक शोध,’’ म्हटलं. त्याने उजेडात धरून बघितलं, नखाने चाचपलं, आणि बरोबर सांगितलं: तोंडाचा उतार वेगळा. मोटारीच्या फिटिंगचा कोन ४५ अंश, विमानाच्या फिटिंगचा ३७. एकमेकांत बसवल्या तर नट घट्ट होतो, पण आतले दोन उतार पूर्ण टेकत नाहीत, फक्त एका रेषेवर टेकतात. बाकावर गळणार नाही. इंजिनाच्या थरथरीत काही तासांनी गळेल. पुण्यात नाना पेठेत फिरलात तर हवी ती फिटिंग मिळेल, आणि तिथला माल मोटारीसाठी चांगलाच असतो. पण दिसायला सारखी म्हणून ती विमानात बसवायची नाही.

बसवण्याचं काम सुरू होतं ते दाब कुठून घ्यायचा इथून. कार्ब्युरेटर असेल तर त्याच्या तोंडाशी. कॉन्टिनेंटलच्या इंजेक्शनमध्ये सिलिंडरांना पेट्रोल वाटून देणारी गोल डबी इंजिनाच्या डोक्यावर असते, तिथे गेजसाठी जागा ठेवलेली असते. तिथे लावायची फिटिंग आतून जवळजवळ बुजवलेली हवी, मध्ये फक्त मिलिमीटरभर भोक. गेजला दाब पोचायला तेवढं पुरतं, कारण गेज पेट्रोल पीत नाही. उद्या पुढची नळी तुटलीच तर पेट्रोलची पिचकारी उडणार नाही, बारीक धार लागेल, आणि इंजिनाला त्याचा वाटा मिळत राहील. पंपाच्या ठोक्यांनी काट्याला येणारी थरथरही या भोकाने शमते. हा तुकडा मला सगळ्या जोडणीत सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो बाहेरून दिसत नाही, म्हणून तो खरंच आत आहे ना हे मी फिटिंग उजेडासमोर धरून बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

आट्यांना टेफ्लॉनची पांढरी टेप गुंडाळायची सवय प्लंबरपासून सगळ्यांना आहे. इंधनाच्या नळीला ती चालत नाही. टेपचा एखादा धागा सुटला तर तो थेट नोझलच्या भोकात जाऊन बसतो. आणि नोझल तुंबला की काय होतं बघा: पेट्रोल कमी जातं, पण अडल्यामुळे मागचा दाब वाढतो, आणि प्रवाहाचा गेज उलट जास्त पेट्रोल दाखवतो. म्हणून पेट्रोलला टिकणारी पेस्ट, तीही पहिले आटे कोरडे सोडून.

नळी कुठून न्यायची हा टर्बो इंजिनातला सगळ्यात जिकिरीचा भाग. टर्बाइनमध्ये शिरणारा वायू ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो, रात्री कव्हर काढून चालवलं तर टर्बोचं अंग लाल दिसतं. त्याच्या आसपास पेट्रोलची नळी फिरकता कामा नये. नळीवर आगीपासून वाचवणारी सिलिकॉनची जाड बाही असते. इंजिन आणि कॉकपिट यांच्या मधल्या पत्र्याच्या भिंतीतून, म्हणजे फायरवॉलमधून, नळी पार करायची तर तिथली फिटिंग पोलादाची. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि फायरवॉलकडून अपेक्षा असते की सुमारे अकराशे अंशांची ज्वाला तिने १५ मिनिटं अडवावी.

पूर्वी पेट्रोलची नळी थेट पॅनेलमागे, वैमानिकाच्या गुडघ्यांसमोर यायची. आता शक्यतो तसं करत नाहीत. फायरवॉलच्या इंजिनाकडच्या बाजूला दाबाचा सेन्सर लावतात आणि आत फक्त वायर नेतात. मी याच पद्धतीची बाजू घेईन. मात्र सेन्सर फायरवॉलवरच ठोकायचा, इंजिनाला लटकवायचा नाही. पितळी तुकड्याला पितळी तुकडा जोडून त्याच्या टोकाला जड सेन्सर लावला, तर इंजिनाच्या थरथरीने मुळाशी तडा जातो. आणि टर्बोच्या इंजिनावर सेन्सरसुद्धा दोन तोंडांचा घ्यायचा, दुसरं तोंड अप्पर डेकला. इथे पैसे वाचवायला साधा एक तोंडाचा सेन्सर घेणारे भेटतात. त्यांना मी वरची चिरेची हकीगत सांगते.

जोडून झालं की तपासणी. इंजिन बंद ठेवून विजेचा पंप चालू करायचा, आधी नळीतली हवा काढायची. हवा अडकली तर काटा सुस्त होतो. मग टॉर्च आणि आरसा घेऊन प्रत्येक सांधा बघायचा. आमच्या पेट्रोलला, म्हणजे एव्ही गॅस १०० एलएलला, निळा रंग दिलेला असतो. ते आधी परदेशातून यायचं, सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीतलं बाजारात आणलं. पेट्रोल उडून जातं, निळा डाग मागे राहतो, आणि तो डाग गळतीचा पत्ता सांगतो. अप्पर डेकच्या नळीला डाग पडत नाही, तिला दाब देऊन साबणाचं पाणी लावायचं. नंतर खात्रीच्या गेजशी नव्या गेजचा आकडा जुळवायचा, नटांवर रंगाची रेघ ओढायची, इंजिन चालवायचं, पुन्हा बघायचं. पहिल्या उड्डाणानंतर कव्हर काढून परत एकदा.

आणि कागद. हौसेने गेज आणला आणि लावला, असं नोंदणीकृत विमानात होत नाही. निर्मात्याचा मंजूर आराखडा किंवा त्या बदलासाठी मंजूर झालेली कागदपत्रं हवीत, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे म्हणजे डीजीसीएचे नियम पाळावे लागतात, विमानाच्या वहीत नोंद होते, आणि परवानाधारक इंजिनिअरची सही पडल्याशिवाय विमान उडत नाही. गेजवरची हिरवी पट्टी आणि लाल रेघ कुठे असावी हेही पुस्तकात ठरलेलं. तशी मंजुरी नसेल तर मूळ गेज काढता येत नाही, नवा त्याच्या जोडीला येतो. भाच्याला हे जाचक वाटलं. मला वाटत नाही. त्या वहीत माझी सही आहे आणि माझ्यानंतर दहा वर्षांनी जो कुणी तिथे पाना लावेल, त्याला नळीत भोक किती मिलिमीटरचं आहे हे त्या नोंदीवरून कळणार आहे.

हे सगळं परदेशात किंवा बेंगळुरूला होतं असं समजायचं कारण नाही. शिरूरहून घोडनदी ओलांडून नगरला, आताच्या अहिल्यानगरला, तासाभरात पोचता येतं. तिथल्या व्हीआरडीई या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत तापस या विनावैमानिक विमानासाठी सुमारे १८० अश्वशक्तीच्या टर्बो डिझेल इंजिनावर काम झालं. गोंदियाच्या प्रशिक्षण संस्थेत डायमंड कंपनीची विमानं आहेत. कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, आणि २०१७ मध्ये त्याची डीजीसीएकडे नोंदणी झाली. गच्चीवर विमान बांधणाऱ्या माणसाला प्रत्येक नळी आणि प्रत्येक गेज स्वतः ठरवून बसवावा लागतो. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

भाच्याने शेवटी विचारलं, की त्याच्या दुकानात शिकणाऱ्या पोरांना हे काम करता येईल का. येईल. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. मग डीजीसीएने मान्यता दिलेल्या संस्थेत देखभाल अभियंत्याचं शिक्षण, परीक्षा, आणि प्रत्यक्ष विमानावरचा अनुभव. पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी परवान्याचा वर्ग बी१.२. प्रवेश घेण्याआधी संस्थेची मान्यता चालू आहे का, हे डीजीसीएच्या यादीत स्वतः तपासा, जाहिरातीवर जाऊ नका. शिरूर-दौंडच्या पोरापोरींच्या हाताला पंप, नोझल, गेज यांची सवय घरच्या शेतावर आणि रस्त्याकडेच्या गॅरेजात लागलेली असते. ज्यांच्या घरात असं एखादं मूल आहे त्यांनी दहावीनंतर लगेच चौकशी करावी, गणित सोडू देऊ नये.